विस्मृतीच्या वाटेवरील विरंगुळा : एक इतिहास

या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे जे काम सोपविले, ते वरकरणी अगदी सोपे होते. मंडळाच्या स्थापनेच्या सभेस जे हजर होते, त्यांपैकी आज जे आपल्यात आहेत त्यांच्या घरी जावे आणि त्यांच्या आठवणी लिहून आणाव्यात, एवढेच. अशी सात घरे निघाली. सहा घरांतून आम्ही वह्या भरून आणल्या. त्या मजकुराचा लाभ वाचकांस या अंकात अन्यत्र होईलच. सातव्या घरून मात्र आम्ही कोरी वही घेऊन परतलो, आणि हा लेख त्या कोऱ्या वहीतून जन्मास आला आहे.

ते घर आमच्या पहिल्या चिटणीसांचे. वय वर्षे ८४. कारखान्याच्या आरेखन विभागात त्यांची सारी नोकरी झाली आणि मंडळाच्या सुरुवातीच्या कित्येक गणेशोत्सवांचे मखर त्यांच्याच हातचे असे. आम्ही उत्साहाने पुढे होऊन विचारले, "ओळखलंत का आम्हांला?" त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग सूनबाईंकडे पाहिले, आणि पाढा न आलेल्या मुलाप्रमाणे मान खाली घातली. गेली तीन वर्षे त्यांना स्मृतिभ्रंशाचा, डॉक्टर ज्यास डिमेन्शिया म्हणतात त्याचा, विकार आहे. सूनबाई इकडच्याच, हिंदीभाषक. आम्हांस दारापर्यंत पोचवायला आल्या असता त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी, की बाबूजी आता हिंदी बोलेनासे झाले आहेत. जे काही मागतात ते मराठीतून, आणि ते घरात कोणास कळत नाही. दुसरा प्रश्नच होता : "काकाजी, दिवसभर त्यांना करायला काय द्यावं?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले आणि विचारले, त्यावरून ध्यानात आले, की हा प्रश्न जगास पडूनही फार काळ झालेला नाही. वृद्धाला औषध काय द्यावे हे पुष्कळांनी विचारले; त्याला आनंद कशात वाटेल हे विचारणारे थोडे निघाले. त्या थोड्यांचा हा इतिहास आहे.

आपल्या भाषेत या अवस्थेस 'म्हातारचळ' म्हणत, आणि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर सर्वांच्या तोंडी होती. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द जुना. तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो, परंतु तेथे तो क्रोधाने भान हरपलेल्या मनुष्याविषयी आहे, आजाराविषयी नव्हे. आजाराला ते नाव मागाहून चिकटले. जुन्या घरांतून म्हाताऱ्या आजीपुढे कापूस ठेवून वाती वळायला सांगत, सुपात तांदूळ देऊन निवडायला बसवीत, आजोबांकडे सुतळीचा गुंता सोडवायला देत. यास कोणी उपचार म्हटले नाही. तथापि त्या काळाचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्याच वाड्यांतून चळ लागलेल्या म्हातारीची पोरांनी नक्कल करावी आणि पाहुणे आले की तिला माजघरामागच्या खोलीत कडी घालून ठेवावे, हेही घडत असे. वाती वळण्याचे काम तिच्या आनंदासाठी दिले होते की ती गप्प बसावी म्हणून, हे घराघरावर अवलंबून असे.

पश्चिमेकडे या विचाराचा उगम शोधू गेल्यास इंग्लंडातील यॉर्क शहरापाशी थांबावे लागते. तेथील वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची एक विधवा १७९० मध्ये मरण पावली. ती क्वेकर, म्हणजे शांततावादी अशा एका ख्रिस्ती पंथाची होती, आणि तिच्या पंथबांधवांना तिची भेटही घेऊ देण्यात आली नव्हती. त्या दुःखातून विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये 'रिट्रीट' हे निराळ्या धर्तीचे आश्रयस्थान उघडले. साखळदंडांऐवजी तेथे बाग होती, शिवणटिपण होते, अंगणात ससे आणि कोंबड्या होत्या. स्त्री-रुग्णांना चहापानाचे आमंत्रण जाई व त्या ठेवणीतले कपडे घालून येत. हे रुग्ण सर्व प्रकारच्या मनोविकारांचे होते, केवळ वृद्धापकाळातील विस्मृतीचे नव्हेत. परंतु ज्याची बुद्धी गेली आहे त्याला काम, सोबत आणि मान लागतोच, हे तत्त्व तेथे आचरणात आले. पुढे एकोणिसाव्या शतकात इस्पितळे अवाढव्य झाली, खाटांची संख्या वाढली, आणि चहापानाची आमंत्रणे देण्यास कोणास सवड राहिली नाही.

ज्या स्त्रीच्या आजारावरून या विकाराची सर्वांत परिचित जात ओळखली गेली, तिच्याही वाट्यास अशी आमंत्रणे आली नाहीत. ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची गृहिणी २५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले संभाषण शब्दशः टिपून ठेवले. ती फ्लॉवरची भाजी आणि डुकराचे मांस खात असताना काय खातेस असे त्यांनी विचारले, तर ती म्हणाली, पालक. नाव लिहायला सांगितले तर अर्ध्यावर थांबली. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथील सभेत अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत आढळलेल्या फेरफारांवर निबंध वाचला. १९१० मध्ये क्रेपेलीन यांनी आपल्या ग्रंथात या विकारास अल्झायमरचे नाव दिले. रुग्णालयातील तिची कागदपत्रे हरवली होती, ती १९९५ मध्ये सापडली. त्या पानांचे वर्णन वाचताना आम्हांस वाईट वाटले ते निराळ्याच कारणाने. ती काय विसरली याची इतकी काटेकोर नोंद आहे. तिला काय आवडत असे, हे विचारण्याची त्या काळी रीतच नव्हती. आमच्या पहिल्या चिटणीसांच्या घरी जाऊन आम्हीही त्याहून वेगळे काय केले होते?

यॉर्कचा धागा पुन्हा हाती येतो तो अमेरिकेत. हातांना काम देणे हा उपचार आहे असे मानणाऱ्या काही मंडळींनी १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक संस्था स्थापिली व या शास्त्रास 'ऑक्युपेशनल थेरपी' हे नाव रूढ झाले. आपण त्यास व्यवसायोपचार म्हणतो. महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांमुळे ते फोफावले. हे शास्त्र भारतात ज्यांनी आणले त्या बाई आपल्याच म्हणावयास हव्यात. एलिझाबेथ लंडी हे त्यांचे माहेरचे नाव. १९०० साली अमेरिकेत जन्म, आणि घराणे क्वेकर! विष्णु निंबकर यांच्याशी विवाह होऊन त्या कमलाबाई निंबकर झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे संस्थापक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव, म्हणजे हे घराणे महाराष्ट्रास अनोळखी नाही. कमलाबाईंच्या काळी हे काम मुख्यतः शरीराने अधू झालेल्यांसाठी होते. परंतु 'या माणसाला काय करता येत नाही' याऐवजी 'काय करता येते' असे विचारावयाचे, ही जी दृष्टी परळच्या त्या वर्गात शिकविली जाऊ लागली, तीच आज आमच्या सूनबाईंच्या प्रश्नाच्या कामी येते.

वृद्धांच्या विस्मृतीकडे प्रत्यक्ष लक्ष वळले ते १९६०च्या सुमारास. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एक पद्धत निघाली. भिंतीवर फळा टांगावयाचा, त्यावर आजचा वार, तारीख, ऋतू, पुढील जेवण लिहावयाचे, आणि वृद्धास वारंवार त्याची आठवण करून द्यावयाची. काहींना त्याचा लाभ झाला. पण हीच रीत हट्टाने चालविली की तिचे क्रौर्यात रूपांतर होई. ८० वर्षांची बाई 'आई कुठे आहे' म्हणून विचारते. तिला दर वेळी 'तुमची आई वारली' असे सांगितले, तर ती दर वेळी नव्याने आईला मुकते. नेओमी फेल या समाजसेविकेने या पद्धतीस विरोध केला व १९८२ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे, की आईविषयी विचारणाऱ्या बाईस तारीख सांगू नये, आईविषयीच बोलावे. फेल यांच्या सर्व उपपत्ती शास्त्राच्या कसोटीस उतरल्या असे नव्हे, परंतु एवढा एक सल्ला कोणत्याही घरात वापरून पाहण्याजोगा आहे.

त्याच सुमारास, १९६३ मध्ये, रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोवैद्याने एक निबंध लिहून सांगितले, की म्हाताऱ्या माणसाचे जुन्या काळात रमणे हे बुद्धी ढासळल्याचे लक्षण नाही. उतारवयात माणूस आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडतो आणि ते त्याचे स्वाभाविक कामच आहे. आज ही गोष्ट आपणांस साधी वाटेल. तोवर मात्र जुन्या गप्पा मारणाऱ्या वृद्धास परावृत्त करावे असाच सल्ला दिला जात होता! बटलर यांच्या विचारातून स्मरणरंजनाचे उपक्रम निघाले. ब्रिटनमध्ये १९८१ साली जुनी छायाचित्रे व ध्वनिफिती यांचे 'रिकॉल' नावाचे संच तयार होऊन वृद्धाश्रमांत पोचले. आपणांस असे संच विकत आणावे लागत नाहीत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा जी मुले दर आठवड्याला रेडिओपाशी बसत होती, ती आज पंच्याहत्तरीच्या पलीकडे आहेत.

सुरांचाच विषय निघाला आहे, तर त्यामागील कारणही सांगून टाकू. अल्झायमरच्या विकारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर ग्रासला जातो, आणि नव्या आठवणी साठविण्याचे काम त्याचेच. म्हणून सकाळी कोण आले होते ते दुपारी आठवत नाही. परंतु हातांना जडलेल्या सवयी, म्हणजे पोळी लाटणे, विणणे, कात्री चालविणे, मेंदूच्या निराळ्या भागांत राहतात व पुष्कळ काळ शाबूत असतात. ऐकलेली गाणी आणि घोकलेले पाठांतर यांचेही तसेच. मुलाचे नाव विसरलेली आजी आरती शेवटपर्यंत म्हणते, यात चमत्कार नाही. ज्या पिढीने पावकी-निमकी-अडीचकी तालावर पाठ केली, तिच्या अंगी ही शिदोरी मोठी आहे.

या हातांच्या स्मृतीचा शिस्तबद्ध उपयोग करणारी एक पद्धत १९९०नंतर अमेरिकेत निघाली, आणि तिचे मूळ बालवाडीत आहे. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये मद्रासला अड्यार येथे आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. मराठी घरांत त्यांचे नाव पोचले ते ताराबाई मोडकांच्या कार्यामुळे. चमच्याने धान्य एका वाटीतून दुसरीत घालणे, रुमालाची घडी करणे, रंगांच्या तुकड्यांची जुळणी करणे हे माँटेसरीचे साहित्य कॅमेरॉन कॅम्प या मानसशास्त्रज्ञाने स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी योजिले. काम सोप्या टप्प्यांत मांडलेले, चूक झाली तरी कोणी चूक म्हणणार नाही असे, आणि प्रत्येक वस्तू हातात धरता येण्याजोगी. येथे एक धोका आहे व तो आम्ही मुद्दाम सांगतो. वृद्धास बालक समजून खुळखुळा दिला, तर तो त्याचा अपमान होतो आणि अपमान कळण्याची शक्ती फार उशिरा जाते. कॅम्प यांनी उलटच केले. त्यांनी या वृद्धांकडून लहान मुलांचे पाठ घेवविले. ज्यांना सारे जग शिकवीत होते ते पुन्हा एकदा शिकविणारे झाले.

ब्रिटनमधील टॉम किटवुड यांचा १९९७ चा ग्रंथ या साऱ्या विचाराचा पाया मानला जातो. रोगाआड लपलेल्या माणसाकडे पाहा, हे त्याचे सूत्र. त्याच वर्षी हॉलंडातील लायडेन येथे बेरे मीसेन यांनी अल्झायमर कॅफे सुरू केला. ठरलेल्या दिवशी रुग्ण आणि घरचे लोक एकत्र येतात, चहा-कॉफी होते, गप्पा होतात. आपल्याकडील कट्टाच तो! २००३ मध्ये ब्रिटनमध्ये २०१ वृद्धांवर एक काटेकोर चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा अशा एकंदर १४ बैठका. बालपण, खाद्यपदार्थ, पैसे, ओळखीचे आवाज, शब्दांचे खेळ असे एकेका बैठकीचे विषय. बैठकांना आलेल्यांची आकलनशक्ती आणि जीवनातील समाधान न आलेल्यांपेक्षा अधिक राहिले. फरक थोडा होता, पण खरा होता. चेन्नईतही ही पद्धत तेथील वृद्धांसाठी बदलून घेऊन वापरून पाहण्यात आली आहे. याने रोग बरा होत नाही, हे कोणी लपविलेले नाही.

भारतात या विषयाची पहिली देशव्यापी संघटना १९९२ मध्ये केरळात निघाली. १९९८ मध्ये कोचीन येथेच जगभरच्या संशोधकांचा एक गट स्थापन झाला व त्याने '१०/६६' असे चमत्कारिक नाव घेतले. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असून संशोधनाचा १० टक्केही वाटा त्यांच्याकडे वळत नाही, ही तक्रारच त्यांनी नाव म्हणून धारण केली. गोव्यात तिसवाडी व बार्देश या तालुक्यांत ८१ कुटुंबांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना आजार समजावून देत, धीर देत, अडचणींवर वाट दाखवीत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरील ताण कमी झाल्याचे दिसले. तो सांभाळ बहुधा सुनेच्या, लेकीच्या अथवा पत्नीच्या वाट्यास येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना हा विकार आहे. ज्यांना आकड्यांपेक्षा माणूस पाहावासा वाटेल, त्यांनी सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३चा चित्रपट पाहावा. त्यातील संस्कृत पंडिताची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. घर विसरलेला हा पंडित हत्तीच्या मागे निघून जातो आणि माहुताची बायको त्याला लेकरासारखे जेवू घालते.

आता आपल्यासारख्या परप्रांतस्थांविषयी. हैदराबादच्या निझाम आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखविले, की ज्यांना एकाहून अधिक भाषा येत होत्या त्यांच्यात हा विकार सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागला. घरात मराठी, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी अशी कसरत करणाऱ्या आपल्या पिढीस हे ऐकून समाधान वाटेल. परंतु नाण्याची दुसरी बाजू आमच्या पहिल्या चिटणीसांच्या घरी आम्ही पाहिली. विकार बळावला की मागाहून शिकलेली भाषा अनेकांच्या बाबतीत आधी मावळते आणि आईची भाषा मागे उरते. पुण्याच्या म्हाताऱ्याला त्या वेळी दूधवालाही समजून घेतो. येथे नातवंडे हिंदी बोलतात, सून हिंदी बोलते, आणि म्हातारा माणूस स्वतःच्या घरात परदेशी होतो. मुलांना मराठी शिकवावी म्हणून गेली ५० वर्षे आमचे मंडळ धडपडते आहे. त्या धडपडीला हेही एक कारण होते, हे आम्हां कोणास तेव्हा सुचले नव्हते.

दुसऱ्या भेटीत आम्ही प्रश्न विचारले नाहीत. घोटीव कागदाचे चार ताव, कात्री आणि खळीची वाटी घेऊन गेलो व त्यांच्याशेजारी बसून आपणच वेड्यावाकड्या पताका कापू लागलो. थोडा वेळ त्यांनी पाहिले. मग आमच्या हातून कागद काढून घेतला, आठपदरी घडी घातली, नखाने दाबली, आणि कात्री अशी काही फिरविली की घडी उलगडताच जाळीची झालर खाली आली. "तुमची कात्री बोथट आहे," असे ते म्हणाले. स्वच्छ मराठीत, आणि पहिल्या चिटणीसाच्या जुन्या अधिकाराने. सूनबाईंनी तेवढ्यात 'कात्री' आणि 'बोथट' हे दोन शब्द विचारून आपल्या वहीत लिहून घेतले. त्या वहीत आता 'भूक', 'दुखतंय', 'ऊन', 'पांघरूण' असे पुष्कळ शब्द जमले आहेत.

पुढच्या आठवड्यात ते आम्हांस ओळखतील असे नाही, ओळखलेही नाही. झालर मात्र पुन्हा केली. काही दिवशी ते चिडतात, कागद भिरकावतात, तेव्हा आम्ही चहा घेऊन उठून येतो.

गेल्या श्रावणापासून दर शनिवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या ग्रंथालयात अशा सभासदांसाठी बैठक भरते. सध्या पाचजण येतात. वाती, फुलवाती, शेंगा सोलणे, बदाम सात, पाढे, भजन, आणि जुन्या गणेशोत्सवांची छायाचित्रे असा साधारण क्रम असतो; क्रम मोडला तरी चालतो. पाऊण तासाच्या पुढे कोणास बसवून ठेवीत नाही. ज्या घरांतून अशी माणसे आहेत त्यांनी संकोच न करता त्यांना घेऊन यावे. सोबत त्यांच्या तरुणपणाची एकदोन छायाचित्रे आणावीत आणि ज्यांची नावे माहीत आहेत ती मागील बाजूस पेन्सिलीने लिहावीत. मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवाचे जे छायाचित्र या स्मरणिकेच्या आरंभी छापले आहे, त्यात मखराशेजारी कात्री घेऊन उभे असलेले गृहस्थ कोण, हे आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. डावीकडून तिसऱ्या व पाचव्या व्यक्तींची नावे मात्र आम्हांस कोणाकडूनच मिळू शकली नाहीत. ती कोणास ठाऊक असल्यास कृपया ग्रंथालयात कळवावीत.